डाव्या हाताची राणी

डब्यातलं मेण बोटाला चिकटायला लागलं की वैशाख आला, असं आमच्या घरी समजत. पंचांग बघायची गरज नसे. शिडाचा दोरा शिवण्याआधी मेणावरून ओढून घ्यावा लागतो, नाहीतर खारं पाणी त्याला कुजवून टाकतं. थंडीत ते मेण कोरडं ठणठणीत असे; वैशाखात नुसतं बोट टेकलं तरी त्यावर ठसा उमटे. परवा इथे मुंबईच्या खोलीत फळीवरचा डबा उघडला, तर आईने कधीतरी बरोबर दिलेला मेणाचा तुकडा तळाला पसरून बसला होता. वास आला. त्या वासामागून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पसरलेली शिडं आली, कुंपणाशी वाळणारी रातांब्याची सोलं आली, नि आमच्या वाडीचं 'रत्नशेला' नाटक आलं. आणि शेवटी ती दुपार आली. तिचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आमची वाडी मालवणच्या बंदराच्या जरा खाली, माडांच्या आड. बाबा शिडं शिवायचे. पावसाळ्याआधी मचवे किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारत आणि उतरवलेली शिडं आमच्याकडे येत. फाटलेली, उसवलेली, मीठ धरलेली. खळ्यात पाऊल ठेवायला जागा उरत नसे. एका टोकाला बाबा बसत, दुसऱ्या टोकाला आई. आई डावरी होती. त्यामुळे एकाच शिवणीवर दोघं समोरासमोरून येत आणि मध्ये कुठेतरी त्यांच्या सुया भेटत. दोघं फारसं बोलत नसत. बोलायचं काम बाबा वर्षातून एकदाच करत, तेही राणी होऊन, नि तेही गाऊन.

कारण 'रत्नशेल्या'तली राणी हेमावती म्हणजे आमचे बाबा.

हे नाटक वाडीतल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. ते मास्तर मी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या नाटकाशिवाय आमचा वैशाख कधी सरला नाही. चाकरमानी मुंबईच्या बोटीने येत, भर समुद्रात पडावात उतरत, ट्रंकेवर बसून किनाऱ्याला लागत आणि पायाला वाळू लागायच्या आत विचारत, "तालमी सुरू झाल्यो काय?" नाटक दर वर्षी तेच. गोष्ट पोरांनासुद्धा पाठ. राजा मोहिमेवर जातो. राणी त्याच्यासाठी शेल्याला जरीचा काठ लावत बसते. दुष्ट प्रधान येऊन सांगतो की राजा रणात पडला. राणी विश्वास ठेवत नाही, शेला शिवत राहते आणि शेवटी राजा येतो. एवढंच. त्यात पदं इतकी, की राजाला परत यायला पहाट व्हायची.

बाबा मिशी उतरवत, तो दिवस मला वर्षातला सर्वांत भयंकर दिवस वाटे. न्हाव्याकडून परत आलेला तो मनुष्य आमचा बापच नव्हे अशी माझी खात्री असे. वरचा ओठ पांढराफटक, त्याखाली तेच जाड हसू. मी माजघरात पळे. गावातले लोक थट्टा करत, "काय गो बाये, बाजाराक इलंस?" बाबा मान खाली घालून मासळी निवडत राहत. महिनाभर हे चाले. मिशी परत आली की घरात पाऊस आल्यासारखं बरं वाटे.

पण पडदा उघडला की? पडदाही बाबांनीच जुन्या शिडांचा शिवलेला. त्यावर ठिगळं, आणि ठिगळांवर चुन्याने काढलेला महाल. तो सरकला की पलीकडे बसलेली बाई कोण, याची मला आठवण राहत नसे. आईचंच हिरवं नऊवारी, आईच्याच पाटल्या. रुंद खांद्यांचा, हातांना घट्टे पडलेला शिडवाला कुठे गेला, हे मी शोधायचं विसरून जाई. ती मनगटाने केस मागे सारी, शेला मांडीवर ओढून घेई आणि गाऊ लागे, "सांग सखे, कधी परततिल नाथ..." आवाज काही फार गोड नव्हता. पण तो आपल्याशीच बोलत असल्यासारखा होता. राणी शेला डाव्या हाताने शिवे. सुई चिमटीने न ढकलता तळहाताच्या टाचेने, अंगठ्याखालच्या फुगवट्याने, पुढे रेटी. रेशमी शेला आणि रेटणं मात्र शिडाचं! राण्या अशाच शिवतात अशी आमची पक्की समजूत. वाडीतल्या पोरी राणी राणी खेळताना सुई डाव्या हातात धरत. मालवणच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी एकीच्या बोटांवर पट्टी मारली, तेव्हा ती रडत म्हणाली, "पण बाई, राणी अशीच शिवता!" बाई परगावच्या. त्यांना काय कळणार?

आणि मग तो प्रवेश. प्रधान सांगतो, महाराज पडले. इतर नाटकांतल्या राण्या इथे ऊर बडवतात, धाडकन कोसळतात. आमची हेमावती मानही वर करत नसे. ती हातातला टाका पुरा करी. दोरा ओढून घट्ट बसवी. वाकून दाताने तोडी. काठावरून एकदा बोट फिरवून शिवण बघे. मग वर बघून, अगदी हळू, विचारी, "कुठे?" तेवढ्या वेळात मांडवातलं तान्हं मूलही रडत नसे. देवगडपर्यंतची माणसं या एका 'कुठे'साठी येत. बाबांना हे सुचलं कसं, असं लोक एकमेकांना विचारत आणि बाबा नुसते मिशी नसलेल्या ओठावरून हात फिरवत.

हे सगळं ज्या एका माणसाने कधीच बघितलं नाही, ती माझी आई.

आमच्या बाजूला एक समजूत होती. लुगड्यातला नवरा बायकोने बघू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. नाटक संपल्यावर खोबरेल लावून रंग पुसतात, त्यात कपाळाचं कुंकू पुसलं जातं, हातातल्या पाटल्या उतरतात. ते तिच्या दृष्टीस पडू नये, एवढं त्यामागे असावं. कोणी सांगितलं, कधीपासून, देव जाणे. पण आईने ती समजूत कधी मोडली नाही. आपलं चांगलं लुगडं घडी करून ती माझ्या हातात देई, पाटल्या रुमालात बांधून देई आणि मांडवाकडचं दार ओढून आत बसे. गाणं वाऱ्यावर घरापर्यंत येई. पदं तिला सगळी येत. चूल फुंकताना ती गुणगुणे. दिसायचं मात्र काही नाही.

मी लुगडं परत घेऊन घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला. दिव्याकडे पाठ करून, त्या लुगड्याच्या निऱ्या सोडवत, जणू काही सहजच ती विचारी,

"बरो दिसता काय गो?"

"बरो काय गो आये! बरी दिसता, बरी!" मी म्हणे.

ती हसे. मग हळूच, "पण दिसता कसो तो? सांग मां." मला सांगता येत नसे. मी म्हणे, राणीसारखी दिसते. तिचं त्याने समाधान होत नसे हे मला तेव्हाही कळे. पण लहान मुलीने बापाची राणी शब्दांत आणावी तरी कशी?

पुढे बाबा गेले. समुद्राने नाही, साध्या तापाने. आईने इतकी वर्षं डोळे मिटून त्यांचं आयुष्य राखलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मी फार चिडले होते, कुणावर ते ठाऊक नाही. हेमावती करायला कोणी धजेना आणि 'रत्नशेला' बंद पडलं. माझं लग्न झालं, मी मुंबईला आले. बंदरात इंजिनाच्या होड्या फटफटू लागल्या तशी शिडं कमी झाली. तरी जी येत ती आई एकटी शिवे, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, समोरून कोणी येत नसताना. एकदा मीच तिला म्हटलं, "आता पुरे कर गो." ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक बघूचां रवलां, तां रवलां. आता शीड तरी बघांदे." बाबांना राणीच्या वेशात बघायचं राहून गेलं, हा सल तिने त्या एकाच वेळी बोलून दाखवलं. पुन्हा विषय नाही.

त्यानंतर एका वैशाखात मी माहेरी गेले, तेव्हा वाडीत एकच गलका. 'रत्नशेला' पुन्हा होणार. नवा संच! चाकरमान्यांच्या पोरांनी मनावर घेतलं होतं. जुन्यांतले फक्त नाना उरले होते, बाबांच्या वेळी विंगेत बसून संवाद पुरवणारे. तेच आता तालमी घेत. आणि हेमावती कोण? तर कुंदा. गिरगावात वाढलेली, गाण्याच्या क्लासला जाणारी, दोन वेण्यांची मुलगी. आमच्या वाडीच्या नाटकात बाईचं काम बाई करणार! मला हे ऐकून काय झालं ते सांगणं कठीण आहे. मी स्वतः बाई, मुंबईत राहणारी, आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "छे! बाई कसली हेमावती करते?" म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं.

त्यात ही कुंदा रोज दुपारी आमच्या खळ्यात येऊन बसे. कामधंदा काही नाही. करवंदं खात आईकडे टक लावून बघायचं. मला तिचा मनस्वी राग येई. तालमीला जायचं सोडून ही इथे काय करते?

"काकी, सुई अशी तळहाताने का ढकलता?" तिने एकदा विचारलं.

"बोटान ढकललंय तर बोट जायत. शीड आसा तां, तुझां पातळ न्हय," आई म्हणाली.

"आणि डाव्या हाताने?"

"माका उजव्यान येना नाय म्हणान. तुका आनी काय काम नाय गो?"

कुंदा हसली आणि आणखी एक करवंद तोंडात टाकलं. असली मुलगी राणी होणार म्हणजे नाटकाचं वाटोळंच, असं मी आईला ऐकवलं. आई दोऱ्याला मेण लावत होती. मान वर न करता म्हणाली,

"औंदा मी नाटकाक येतलंय."

"तू? अगो आये, पण..."

"पण काय? आता खंयच्या घोवाचां आयुष्य कमी होतलां?"

 दोरा मेणावरून पुन्हा ओढत ती पुढे म्हणाली, "तेका नाय तर नाय. तेचां काम तरी बघीन. कसो दिसा होतो तां वायच तरी कळात."  जे बघायला ही इतकी वर्षं थांबली ते आता कुठे असणार होतं? ते बाबांबरोबर गेलं होतं. ही जाणार, गिरगावची वेणीवाली पोर बघणार, आणि म्हणणार, एवढंच होतं? एवढ्यासाठी मी दार लावून बसत होते? मला नाटक बंद पडावंसं वाटू लागलं. खरंच वाटू लागलं. एक दिवस वळवाचे ढग आले तेव्हा मी मनातून त्यांना हात जोडले. ढगही दक्षिणेला रेडीकडे निघून गेले.

प्रयोग दिवसाउजेडी! हा पहिला धक्का. चाकरमान्यांना दुसऱ्या दिवशीची बोट गाठायची होती म्हणून नाटक दुपारी कलत्या उन्हात सुरू करून दिवेलागणीच्या आत संपवायचं, असं नव्या मंडळींनी ठरवलेलं. नाटक आणि उन्हात? गॅसबत्तीच्या हिरवट उजेडात जो महाल खरा वाटायचा, तो उन्हात नुसता चुना दिसत होता. प्रत्येक ठिगळ वेगळं दिसत होतं. मांडवाच्या खांबाला कर्णा बांधलेला. तो अधूनमधून शिट्टी मारी आणि कुत्री पळत सुटत. दुसरा धक्का राजाचा. महाराजांनी तलवार उपसली तर मनगटावर घड्याळ! कुणीतरी ओरडलं, "म्हाराज, किती वाजले?" महाराजांनी खरंच बघितलं. मांडव हसून लोटपोट झाला. मी हसले नाही. मी आईकडे बघत होते. ती पुढच्या रांगेत, जुन्या शिडावर, मांडी घालून ताठ बसली होती. बाबांच्या हयातीत घरापासूनची जी चार पावलं तिने कधी टाकली नव्हती, ती आज टाकली होती.

पदांची छाटाछाट झाली होती. दहा ओळींच्या जागी चार, आणि त्याही उडत्या चालीवर. मोहिमेवर जाताना राजा जे पद आळवून आळवून म्हणे, ते सुरू झालं म्हणेस्तोवर संपलं. शेजारी बसलेली गोदाकाकी, आमच्या पाठच्या घरातली, बाबांचा एकही प्रयोग न चुकवलेली, पुटपुटली, "ह्यो राजा लढाईक चल्लो काय आगबोट पकडूक?" मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. 

मग पडदा सरकला आणि हेमावती दिसली. नायलॉनच्या साडीत. गुलाबी, पारदर्शक, मुंबईहून आणलेल्या नायलॉनच्या साडीत आमची राणी! मी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं. आता आईचा हात धरावा आणि घरी न्यावं, असं ठरवून मी तिच्या दंडाला हात लावला.

दंड घट्ट झाला होता. मी डोळे उघडले.

कुंदाने मनगटाने केस मागे सारले होते. बोटांनी नाही, मनगटाने, बोटांना काही लागलेलं असावं तसं. शेला मांडीवर ओढला. सुई घेतली, डाव्या हातात. ही मुलगी उजव्या हाताने चहा पिते, उजव्या हाताने करवंदं खाते, मी महिनाभर बघत होते. तिने सुई टोचली आणि तळहाताच्या टाचेने पुढे रेटली. आणि गाऊ लागली, "सांग सखे, कधी परततिल नाथ..." हे पद कोणी छाटलं नव्हतं. चालही तीच ठेवली होती.

 नायलॉन गेलं, कर्णा गेला, ऊन गेलं. "आये," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं, "आये, बघ, बाबांचो हात! असोच करी होते ते. असोच!" मला वाटलं, मिळालं. निदान एवढं तरी तिला मिळालं.

आईने मान हलवली. 

"बापाशीचो नाय गो तो."

"मगे कोणाचो?"

 तिने आपला डावा हात मांडीवरून उचलला होता आणि त्याच्याकडे बघत होती. तळहाताच्या टाचेला, अंगठ्याखाली, तिचा जुना घट्टा. मग ती स्टेजकडे बघे. मग पुन्हा हाताकडे. उन्हात सगळं लख्ख दिसत होतं, गॅसबत्तीत कधी दिसलं नसतं इतकं. बाबा घरी कायम उजव्या हाताने शिवत, आणि सुई ढकलायला त्यांच्या अंगठ्याला चामड्याचा पट्टा असे. हे मला माहीत नव्हतं का? रोज बघत होते. ती दोघं समोरासमोरून शिवत यायची, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, आणि मी मध्ये खेळत असायची. तरीही राणी डावरी का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी थक्क झाले. माणूस इतकं बघूनही इतकं आंधळं राहतं?

मग प्रधान आला. महाराज रणात पडले म्हणाला. कर्ण्यातून ते चिरकं ऐकू आलं. कुंदाने मान वर केली नाही. तिने टाका पुरा केला. दोरा ओढून बसवला. वाकून दाताने तोडला. शिवणीवरून बोट फिरवलं. वर बघितलं.

"कुठे?"

माझ्या शेजारी आईने श्वास ओढला, चटका बसल्यासारखा.

"माझ्या भावाशीचो सांगावो इलो," ती म्हणाली, "तेवा मी असांच केललंय."

आणि मला तो दिवस लख्ख आठवला. मी अगदी लहान. मामाचा मचवा देवगडच्या अलीकडे बुडाल्याचा निरोप घेऊन एक माणूस खळ्याच्या कडेला उभा होता, वहाणा हातात धरून. आई शिडाच्या त्या टोकाला. तिने टाका पुरा केला होता. दोरा तोडला होता. मग विचारलं होतं, "खंय?" आणि शिडाच्या या टोकाला बाबा बसले होते. त्यांची सुई थांबली होती. ते तिच्याकडे बघत होते.

आई आता थरथरत होती. मला आधी वाटलं रडते. रडत नव्हती. संतापली होती.

"माझो भाव गेलो, आनी तां तेणा मांडवात नेल्यान! सगळ्या गावान बघल्यान. दर वर्सा बघल्यान. आनी मी दार लावन बसलंय!"

गोदाकाकीने आईकडे वळून शांतपणे बघितलं.

"आता कळलां तुका? आमका सगळ्यांका पयल्याच वर्सा कळलां हुतां."

"आनी माका कोणी सांगूक नाय?"

"सांगतलां कोण? तेका उपाशी ठेवतलंस म्हणान सगळे गप." मग काकीचा आवाज खाली आला. "नानान इचारलां हुतां तेका, ह्यां सगळां खंयसून शिकलंस रे? तर म्हणालो, हेमावती शिकूची आसात तर माझ्या खळ्यात जावन बस. तोच सबूद नानान ह्या चेडवाक सांगल्यान. महिनोभर तुझ्याकडे कित्याक बसली हुती ती? करवंदा खावक?"

मी कुंदाकडे बघितलं. तिच्यावर महिनाभर मनातल्या मनात काय काय ओकले होते! आणि ती पोर नाटकाचं वाटोळं करायला नाही, नाटकाच्या मुळाशी जाऊन बसली होती. नव्या संचाला मी नावं ठेवत होते, पण जुन्या संचाने जिथून घेतलं तिथूनच याही संचाने घेतलं होतं. हिरवं लुगडं गेलं, पदं गेली, रात्र गेली, बाबा गेले. आई खळ्यात होती, तेवढ्यावर हेमावती पुन्हा उभी राहिली.

बाबांविषयी मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या समजुतीवर त्यांचा विश्वास होता की नाही कोण जाणे, पण ती त्यांच्या पथ्यावर पडली, असा मला दाट संशय आहे. बायको बघणार नाही याची खात्री होती म्हणूनच तर त्यांनी तिला उचलून तिथे नेलं. घरात एक शब्द बोलायचा नाही आणि सगळ्या पंचक्रोशीसमोर, तिचंच लुगडं नेसून, तिचंच दुःख तिच्याच हाताने शिवायचं! लबाड मनुष्य. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं. त्यांच्यावरही रागवायचं मी ठरवते आणि शिडाच्या या टोकाला थांबलेली त्यांची सुई आठवते. ज्या बाईशी बोलायला त्यांना शब्द सापडत नव्हते, तिच्याकडे त्यांनी इतकं बारकाईने बघितलं होतं. दोरा तोडल्यावर शिवणीवरून फिरणारं बोटसुद्धा सोडलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी फक्त आईचा दंड धरून बसले होते आणि ती उठून जाईल म्हणून घाबरले होते. ती उठली नाही. ऊन माडांच्या आड उतरत होतं. राजा घड्याळ काढून आत ठेवून परत आला होता. कुंदा त्याच्या खांद्यावर शेला घालत होती, काठ सारखा करत होती, डाव्या हाताने. आईच्या अंगातली थरथर हळूहळू कमी झाली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मनगटाने केस मागे सारले. तसं करताना स्टेजवर कुंदानेही तेच केलं. आईचा हात कपाळाशीच थांबला. स्टेजवरच्या त्या बाईकडे ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

मग माझ्याकडे न वळता, निऱ्या सोडवताना विचारायची त्याच सहज आवाजात, ती म्हणाली,

"चेडवा, बरी दिसतंय मां गो मी?"